रागाप्रमाणे पुस्तक

शरयू, गेल्या रविवारी तुझ्या शोकसभेत तुला 'संस्कारांची गंगोत्री' म्हणाले. मी उठून बोलणार होते, पण पुढच्याच वाक्याला सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. त्या दोन मिनिटांत लोक तुझ्या आत्म्यासाठी काय मागत होते कोण जाणे, मी दात आवळून उभी होते. कुठली गंगोत्री? तू मानक नगरला रेल्वेच्या संशोधन केंद्रात आयुष्यभर तुटलेले रूळ आणि तडकलेली चाकं तपासलीस. निवृत्त झाल्यावर दर रविवारी शहराच्या त्या टोकाच्या वृंदावन योजना वसाहतीतून एवढ्या लांब या महानगर मोहल्ल्यात येऊन आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमधल्या एका लोखंडी कपाटापाशी बसायला लागलीस. त्या कपाटात राक्षस होते, उडती जहाजं होती, परग्रहावर हरवलेली पोरं होती. संस्कार हा शब्द कुणी काढला की तू चहा अर्धा टाकून उठायचीस. हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

स्तब्धता संपली आणि पेठकर साहेबांनी खिशातून कागद काढला. आपले अध्यक्ष. केंद्र सरकारातून निवृत्त झाले त्याला जमाना झाला, पण अजून घरी भाजी सांगतानाही टिपणी लिहून दिल्यासारखे बोलतात. "दिवंगत शरयूताईंच्या स्मरणार्थ संस्कार वाचनालय सुरू करण्याचं कार्यकारिणीने ठरवलेलं आहे," ते म्हणाले. "काचेचं कपाट बनवायला दिलेलं आहे. थोरांची चरित्रं, सुविचार, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. सध्याची विसंगत पुस्तकं डिस्पोज ऑफ करण्यात येतील." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

खाली उतरताना मी त्यांना जिन्यातच गाठलं. विसंगत म्हणजे कोणती, विचारलं. तर मलाच म्हणतात, "निर्मलाताई, तुम्ही तर सायंटिस्ट. त्या पुस्तकांत पानापानावर पेन्सिलीनं चुका तुम्हीच काढलेल्या आहेत ना? मी स्वतः पाहिलंय. आम्ही तर धरून चाललो होतो की तुमचा सपोर्ट आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी पेन्सिल, आणि तीच तुझ्या पुस्तकांवर चालवायला निघाले! कागदावर पुरावा असला की अधिकाऱ्याला अजून काही लागत नाही.

त्या पेन्सिलीची गोष्ट त्यांना काय ठाऊक? ती तुझ्यामाझ्यातली. तू पहिल्यांदा मला एक कादंबरी वाचायला दिलीस तेव्हा मी ती दोन दिवसांत परत आणली आणि म्हटलं, हे मुलांना देऊ नकोस. त्यात चंद्रावरच्या एका गुहेत मशाल पेटवली होती. हवा नाही, आग कशी पेटेल? आयुष्यभर झाडांच्या पानांत वायू कसा येतो-जातो हे मोजलेल्या बाईला असं वाचवत नाही. तू पुस्तक उघडलंस. समासात मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'इथे प्राणवायू नाही. आग लागणार नाही.' मला वाटलं, तू चिडशील, पुस्तक खराब केलं म्हणशील. तू ते आहे तसं कपाटात ठेवलंस आणि पुढच्या रविवारी दुसरं माझ्या हातात दिलंस. "हेही तपास," म्हणालीस. तुला रूळ तपासायची सवय, मला पानं तपासायची.

मग पोरं आधी समास वाचायला लागली. गोष्ट इंग्रजीत असो, हिंदीत असो की मराठीत, समास मराठीत, कारण मला चिडायला दुसरी भाषा येत नाही. ज्यांच्या आया 'आमच्याशी घरी हिंदीतच बोलतो हो' म्हणून कपाळाला हात लावायच्या, ती पोरं माझं वाईट अक्षर लावत बसायची. "आंटी, 'साफ चूक' मतलब?" "आंटी, 'हा काय पोरखेळ आहे?' ये किसको बोला?" तू खुर्चीत मागे रेलून हसायचीस. एकदा मला बाजूला घेऊन म्हणालीस, "निमे, जरा जास्त चीड. पोरांचं मराठी सुधारतंय."

आणि तुझी ती पद्धत. ती तर कुणी शोकसभेत उच्चारलीही नाही.

गणपतीत आया पोरांना पुढे ढकलत यायच्या. "शरयूताई, हिला एखादं छानसं पुस्तक द्या ना, मराठी सुधारेल असं." तू आईकडे बघायचीसही नाहीस. पोरीसमोर खाली वाकायचीस आणि विचारायचीस, "तुला कशाचा राग येतो?"

मोठेपणी काय व्हायचं ते कुणीही विचारतं, काय आवडतं तेही. राग कशाचा येतो हे लहान मुलाला कोण विचारतं? आया दुखावायच्या. "आमची अजिबात रागीट नाही हो!" तू तरीही तशीच वाकून थांबायचीस, गुडघे दुखत असले तरी. मग ते मूल आईकडे एकदा बघून हळूच सांगायचं. एक मुलगा म्हणाला होता, "पापा का ट्रान्सफर. हर बार दोस्त छूट जाते हैं." रेल्वेतल्या बापाचा मुलगा, तिसरी की चौथी शाळा. तू त्याला ती कादंबरी दिलीस ज्यात एक अख्खं गाव एका कासवाच्या पाठीवर वसलेलं असतं आणि कासव कधी थांबतच नाही. एक मुलगी म्हणाली, सगळे मराठी बोल म्हणतात आणि बोलली की हसतात. तिला तू अशा राज्याची गोष्ट दिलीस जिथे राजकन्येचा आवाज चोरीला जातो आणि तो परत आणायला ती मुकीच निघते. पुस्तक हातात देताना एवढंच म्हणायचीस, "यात तुझ्यासारखंच कुणीतरी चिडलेलं आहे. बघ, ते काय करतं." बाकी एक अक्षर नाही.

"आवड विचारली की मुलं आईला आवडेल ते सांगतात," तू मला म्हणाली होतीस. "राग विचारला की खरं सांगतात. रूळ कुठे तडकलाय ते कळल्याशिवाय गाडी सोडायची नसते."

आपण किती भांडलो यावरून. मी म्हणायचे, विज्ञानकथा समजू शकते, चुका काढून देईन, पण हे जादूचं कशाला? छडी फिरवली की काम झालं, हे मुलांना शिकवायचं? तू भडकायचीस. तुझं भडकणं मात्र लोकांना माहीत नव्हतं, त्यांच्यासमोर तू हसायचीस. "चांगल्या जादूला नियम असतो, निमे. नियम मोडला की भोगावं लागतं. तुझ्या प्रयोगशाळेत दुसरं काय असतं?" आणि मग तुझं ठरलेलं सुरू व्हायचं. ज्या गोष्टीत मोठी माणसं वेळेवर येऊन सगळं निस्तरतात ती फेकून दे. ज्यात खलनायक नुसताच दुष्ट आहे ती आळशी लेखकाची. नायिकेची निदान एक चूक अशी पाहिजे की वाचणाऱ्याने पुस्तक बंद करून डोकं धरावं. आणि शेवटच्या पानावर तात्पर्य दिसलं तर ते पान मुलाला देण्याआधी फाडावं. तू खरंच फाडली होतीस दोन-तीन पुस्तकांची. आता काचेच्या कपाटात तुझ्या नावाखाली नुसती तात्पर्यंच ठेवणार आहेत, शरयू.

मलाही तू विचारायचीस. मुलं गेली, कपाट लावलं, की हॉलजवळच्या कपूरथळा चौकात ई-रिक्षाची वाट बघताना, "निमे, तुला कशाचा राग येतो गं?" मी म्हणायचे, कशाचाच नाही, मी शांत बाई आहे. समोरच्या पाणीपुरीवाल्यानेही ऐकलं तर हसला असता. तू मान हलवायचीस आणि रिक्षात चढायचीस. अशी कितीतरी वर्षं.

आता मुख्य गोष्टीवर येते. ती टाळून लिहिता येत नाही.

गेल्या थंडीत तू माझ्या व्हरांड्यात उन्हाला बसली होतीस. मध्ये शेंगांचा कागद, हिरवी चटणी-मीठ. धुकं नुकतंच विरलं होतं. तुझ्या अंगावर शाल होती आणि शालीवर शाल होती, आणि मी म्हटलं, वाळलीस गं. तू म्हणालीस, पुण्याला भाचीकडे राहिले महिनाभर, तिचा स्वयंपाक म्हणजे उपासच. मी हसले. तू पिशवीतून ती जहाजाची कादंबरी काढलीस, तीन भागांची. पोरांची सगळ्यात लाडकी. मेलेल्या ग्रहावरून निघालेलं जहाज, त्यात नुसती मुलं, आणि एक म्हातारी कॅप्टन. तू तिसरा भाग उघडून शेवटाजवळचं पान माझ्यापुढे धरलंस. तिथे कॅप्टन जहाजाचा तडा सांधायला एकटी बाहेर जाते, तिच्या टाकीतली हवा संपते, मुलं तिला मेली असं समजून रडतात, आणि बरीच पानं उलटल्यावर दारावर टकटक होते. ती परत आलेली असते. माझी पेन्सिल शेजारीच होती. 'असं होत नाही.' खाली दोन रेघा.

"एवढं एक खोड," तू म्हणालीस.

"का म्हणून?"

"मुलांना तो शेवट जसा आहे तसा मिळू दे."

"तू कधीपासून खोट्याची बाजू घ्यायला लागलीस? रूळ तुटला तर तुटला असं लिहून द्यायचीस तू. मंत्र्याचा फोन आला तरी."

"तो रूळ होता, निमे."

"हवेशिवाय माणूस जगत नाही. यात तुझं-माझं काही नाही. मुलांना काय सांगायचं, की गेलेली माणसं टकटक करून परत येतात?"

मी पुढे बरंच बोलले. रक्तातला प्राणवायू, मेंदू किती वेळ तग धरतो, सगळं. तू शेंगा सोलत ऐकून घेतलंस. सोललेले दाणे माझ्या बाजूला सरकवत होतीस, स्वतः एकही खाल्ला नाहीस. मी दमले तेव्हा म्हणालीस, "तुला खरंच कशाचा राग येतो गं?"

"तुझा," मी म्हटलं.

तू हसलीस. "त्याचं पुस्तक नाही माझ्याकडे," म्हणालीस, आणि तिसरा भाग पिशवीत घालून निघालीस.

तेव्हा तुला माहीत होतं. भाचीचा उपासाचा स्वयंपाक नव्हता, पुण्याला उपचार चालू होते. भाचीला माहीत होतं. तुझ्या सोसायटीतल्या शेजारणीला माहीत होतं, ती म्हणे रिपोर्ट आणून द्यायची. एकट्या मला नाही. तू सगळं ठाऊक असताना समोर बसलीस, आणि माणूस हवेशिवाय किती टिकतो यावर मला व्याख्यान देऊ दिलंस! दाणे सोलून दिलेस! तुला जराही वाटलं नाही की ही बाई पुढे जन्मभर हेच आठवत बसेल?

मला कळतं तू का सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या दिवशी सगळे शोधनिबंध काढून बसले असते, डॉक्टरांना उलटे प्रश्न विचारले असते, तुझ्या औषधांच्या चिठ्ठीच्या समासात पेन्सिल चालवली असती. तू म्हणाली असतीस, निमे, मला आकडे नकोत. मी तरी ते दिले असते. कळतं मला, पण म्हणून पटत नाही. मैत्रिणीला निरोपाची संधी न देता जाणं हा कुठला शहाणपणा? भाचीचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते, हातात पेरूंची पिशवी होती. तुझ्यासाठीच घेतले होते, रविवारी आणणार होते. ते पेरू मी तिथेच कुणाला तरी देऊन टाकले. घरी आणवले नाहीत.

तर आजच्या रविवारचं सांगते.

मी हॉलवर पोचले तेव्हा तुझं कपाट उघडं आणि रिकामं होतं. पुस्तकं सुतळीनं बांधून दाराशी गठ्ठे करून ठेवलेली. भंगारात न्यायला कबाडी यायचा होता. काचेचं कपाट भिंतीला लागलं होतं, त्याला कुलूप, वर तुझा फोटो. फोटोही कुठला, तर कुठल्याशा सत्काराचा, जरीच्या पदरातला, ज्यात तू तुझ्यासारखी दिसतच नाहीस. पेठकर साहेब कुलपाची किल्ली कुणाकडे राहील हे ठरवत होते.

काय करावं हे मी ठरवलं नव्हतं. गुडघे दुखत होते. मी सरळ जाऊन त्या गठ्ठ्यांवर बसले.

"निर्मलाताई, खुर्ची आहे ना," पेठकर म्हणाले.

"मला इथे बरं आहे."

"अहो, तो कबाडीवाला येईल आता."

"येऊ दे. मलाही तोल म्हणावं."

"देखिए, मॅडम," ते हिंदीवर आले, म्हणजे रागावले. "भावना आम्हीही समजतो. पर कमेटी का डिसीजन है. या गोष्टींनी मुलांचा काय फायदा होतो, सांगा. मारामाऱ्या, भुतं, पळून जाणारी पोरं. शरयूताईंचं नाव आपण चांगल्या कामाला देतोय. तुम्हाला यात राग येण्यासारखं काय आहे?"

एवढ्यात मुलं वर यायला लागली. कपाट रिकामं बघून दारातच थबकली. सगळ्यांत पुढे ओवी. तिचे आईवडील दोघंही विद्यापीठात, ती घरातलं सगळं मराठी समजते आणि एका वाक्याचंही मराठीत उत्तर देत नाही. दोन वर्षांपूर्वी तिने तुला राग सांगितला होता, "सब लोग बात करते-करते चुप हो जाते हैं, जब मैं आती हूँ." तू तिला जहाजाचा पहिला भाग दिला होतास. तिच्या हातात आता दुसरा होता.

तिने पेठकर साहेबांचं बोलणं ऐकलं होतं. सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तुझ्याच सुरात विचारलं, "अंकल, आपको किस बात का गुस्सा आता है?"

"मला? मला कशाचाच राग येत नाही!" पेठकर ओरडले. कान लाल झाले होते त्यांचे. मुलं हसली. मी नाही हसले, शरयू. हेच उत्तर मी तुला वर्षानुवर्षं त्या चौकात देत होते.

ते तणतणत खाली कबाड्याला फोन करायला गेले. ओवी माझ्याकडे वळली. "आजी, उठिए ना. तीसरा भाग आपके नीचे है."

तुझा नियम मला ठाऊक होता. शेवटचा भाग मागायला आलेल्या मुलाने आधी आपला शेवट सांगायचा. मग खरा वाचायचा, आणि कोणाचा बरा ते भांडून ठरवायचं. ते ऐकायला तू असायचीस. आज तिथे मीच होते, सुतळीच्या गाठीवर बसलेली.

"आधी तुझा शेवट सांग," मी म्हटलं.

"पहले मैंने दूसरा सोचा था," ओवी म्हणाली. "फिर बदल दिया." ती गठ्ठ्याच्या कडेला माझ्याजवळ टेकली. "कैप्टन को कुछ हुआ है, उसको मालूम है, पर वो बताती नहीं. सबको काम सिखाती रहती है. ये वाला पहिया ऐसे घुमाओ, वो वाला तारा देखो. फिर एक दिन मर जाती है. बिना बताए. तो सब बच्चे बहुत गुस्सा होते हैं. रोते नहीं हैं, गुस्सा होते हैं. बोलते हैं, हमको क्यों नहीं बताया, हम क्या छोटे हैं? कोई उसकी कुर्सी पर नहीं बैठता. सब एक-दूसरे पर चिल्लाते हैं. पर जहाज़ तो चलाना पड़ता है ना, आजी. तो चिल्लाते-चिल्लाते चलाते हैं. और गुस्सा करते-करते घर पहुँच जाते हैं."

काढायला एकही चूक नव्हती.

"अच्छा नहीं है?" तिने विचारलं.

"चांगला आहे," मी म्हटलं. "फार चांगला आहे." आणि मग मला रडू आलं, त्या सगळ्या पोरांसमोर, गठ्ठ्यावर बसून. शोकसभेत आलं नव्हतं. त्या थंडीत तू म्हणाली होतीस की माझ्या रागाचं पुस्तक तुझ्याकडे नाही. ते तुझ्या कपाटात नव्हतंच. ते ही मुलगी बनवत होती, आणि तुला ऐकवायचं राहून गेलं.

मी उठले. सुतळी सोडवेना, तेव्हा कुणीतरी दातांनी तोडली. तिसरा भाग मिळाला. आणि मग एक-एक करत मुलांनी सगळे गठ्ठे उचलले. मी सांगितलं नव्हतं, शपथ. खाली पेठकर फोन कानाला लावून उभे होते, त्यांच्या समोरून पुस्तकांची मिरवणूक गेली. महानगरच्या गल्ल्यांमधून आम्ही माझ्या घरी आलो. व्हरांड्यात, जिथे तू उन्हाला बसायचीस, तिथे आता पुस्तकं आहेत. कुलूप नाही. तुझा फोटोही नाही. तुझा तो जरीचा अवतार बघून मुलं घाबरतील. काचेच्या कपाटाचं काय करायचं ते मंडळाने बघावं.

संध्याकाळ व्हायच्या आत ओवी परत आली. धावतच, आईला खाली स्कूटरवर ठेवून. एका दमात वाचून काढला होता तिसरा भाग.

"मग?" मी म्हटलं. "कोणाचा शेवट बरा?"

"असली वाला," ती म्हणाली. "वो वापस आ जाती है."

"असं होत नाही, ओवी."

"मालूम है. आपने लिखा है वहाँ." पुस्तक माझ्या हातात देऊन ती जिन्यावरून गेलीसुद्धा.

मी ते पान काढलं. माझी पेन्सिल तशीच होती, 'असं होत नाही', खाली दोन रेघा. त्याच्याखाली निळ्या शाईनं, शाळेतल्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'का नाही?'

शाईनं, शरयू! पुस्तकात! मी पेन्सिलीशिवाय कधी हात लावला नाही आणि ही पोरगी शाई वापरते. आणि मराठीत. जी दोन वर्षांत माझ्याशी मराठीचं एक वाक्य बोलली नाही, तिला भांडायला बरोबर मराठी सापडलं.

तिच्या प्रश्नाखाली एका ओळीची जागा आहे. हवेचं उत्तर मला येतं, ते मी लिहिणार नाही. खोडणारही नाही. जे लिहिलंय ते खरं आहे, तूच खरं करून दाखवलंस. पण या मुलीला उत्तर द्यायचं काम तुझं होतं. माझ्याशी भांडायचं काम तुझं होतं. एका शेवटावरून सुरू झालेला वाद तू शेंगांच्या टरफलांसकट माझ्या व्हरांड्यात टाकून गेलीस, एका शब्दानेही न सांगता.

विचारत होतीस ना इतकी वर्षं, रिक्षात चढता-चढता? मला याचा राग येतो, शरयू. याचा.